लस कुणाच्या घरात तयार झाली?

वैद्यकीय संशोधनाचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा एका माणसाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. एक हुशार माणूस, एक सूक्ष्मदर्शक, रात्रभर जळणारा दिवा आणि पहाटे सापडलेले औषध. शाळेच्या पुस्तकाला एवढे पुरते. पण त्या माणसाच्या खोलीचे भाडे कोण भरत होते, त्याला पगार कोण देत होते, उद्या काही चुकले तर त्याच्या बाजूने कोण उभे राहणार होते, हे प्रश्न पुस्तकात येत नाहीत. मला हेच प्रश्न महत्त्वाचे वाटतात. कारण आपल्या मोहल्ल्यातल्या एखाद्या मुलीला उद्या संशोधक व्हायचे असेल, तर तिला हुशारी कमी पडणार नाही. अडचण येईल ती भाड्याची, पगाराची आणि पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसांची.

म्हणून मुंबईतच घडलेली एक गोष्ट या बाजूने सांगतो. परळची हाफकिन संस्था सगळ्यांना माहीत आहे. साप चावल्यावर द्यायचे औषध आणि पोलिओचे डोस यांच्याशी हे नाव जोडले गेले आहे. ज्याच्या नावाने ही संस्था आहे तो माणूस या देशात कसा आला, त्याला जागा कुणी दिली आणि पुढे त्याची नोकरी कशी गेली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 सालचा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. ते ज्यू होते आणि त्यांचे शिक्षण प्राणिशास्त्राचे. पुढे नोबेल मिळवणारे मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू. त्या वेळच्या रशियात ज्यू माणसाला विद्यापीठात बढती हवी असेल तर एक सोपा मार्ग होता, धर्म बदलायचा. हाफकिन यांनी नकार दिला. त्यातच तरुणपणी झारविरोधी चळवळीशी त्यांचा संबंध आलेला होता, पोलिसांच्या वहीत नाव होते. म्हणजे चांगला विद्यार्थी, पण मायदेशात पद मिळण्याची आशा नाही.

मग जिनिव्हात काही काळ साहाय्यकाचे काम, आणि 1889 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रवेश. प्रवेश तरी कसला, ग्रंथालयात मदतनिसाची जागा! जगातल्या सर्वांत नामांकित प्रयोगशाळेच्या दारात हा माणूस पुस्तके लावायला उभा राहिला आणि उरलेल्या वेळात प्रयोग करू लागला. संशोधनातली पहिली नोकरी अनेकदा अशीच असते. जी जागा मिळेल ती घ्यायची आणि आतल्या टेबलाकडे सरकत राहायचे. 1892 च्या जुलै महिन्यात त्यांनी पटकीची लस स्वतःला टोचून घेतली. स्वतःच्या देशात ती वापरायची त्यांची इच्छा होती, पण रशियाने त्यांना दार उघडले नाही. त्या वेळी लॉर्ड डफरिन हे पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. आधी ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. पटकी जिथे घर करून बसली आहे तिथे जा, असे त्यांनी सुचवले. 1893 मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

पुढची दोन वर्षे ते आग्रा, कलकत्त्याच्या बस्त्या, आसामचे चहाचे मळे असे फिरले. हजारो लोकांना लस टोचली, मलेरिया घेऊन परत गेले आणि 1896 मध्ये पुन्हा आले. त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला.

प्लेग ओळखला तो एका गोवेकर डॉक्टरने. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस मांडवी भागात दवाखाना चालवत. सप्टेंबर 1896 मध्ये त्यांनी हा ताप साधा नाही, ही गाठीची साथ आहे, असे जाहीरपणे सांगितले. सुरुवातीला अनेकांना ते पटले नाही. ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना मुंबईला पाठवण्यात आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक बोळ मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. शहर रिकामे होत होते, स्टेशनांवर गर्दी उसळत होती, आणि सरकारने संशोधनावर केलेला खर्च एवढाच होता.

या खोलीत तीन महिन्यांत लस तयार झाली. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे, वर तुपाचा किंवा तेलाचा थर ठेवायचा म्हणजे जंतू त्याला लोंबकळत वाढतात, मग उष्णतेने ते मारायचे आणि तो द्रव टोचायचा, अशी साधारण पद्धत होती. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली, तीही नंतर ठरलेल्या मात्रेपेक्षा बरीच मोठी. ताप आला, अंग दुखले, ते काम करत राहिले.

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या साधारण अर्ध्या कैद्यांना लस टोचण्यात आली, उरलेल्यांना नाही. न टोचलेल्यांत बारा जण आजारी पडले आणि सहा दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, कुणी दगावले नाही. कैदी स्वखुशीने पुढे आले अशी नोंद आहे. तुरुंगातल्या माणसाची खुशी किती मोकळी असते, हा प्रश्न आज कुठलीही नीतिसमिती पहिल्यांदा विचारील. त्या काळी तो कुणी विचारला नाही. लसीचा पहिला मोठा पुरावा ज्यांच्या दंडावर उभा राहिला त्या माणसांची नावे कुठल्याही इमारतीला दिलेली नाहीत, एवढे तरी आपण लक्षात ठेवावे.

लस तयार झाली म्हणजे काम झाले असे होत नाही. लोकांनी ती घ्यायला हवी. आणि मुंबईत, पुण्यात लोकांचा सरकारवरचा विश्वास साफ उडालेला होता. घरात शिरून तपासणी, आजाऱ्याला उचलून इस्पितळात नेणे, सामान जाळणे, बायकांना परक्या पुरुषांनी तपासणे असा तो कारभार. 29 ऑक्टोबर 1896 ला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा आला आणि अधिकाऱ्यांचे हात आणखी मोकळे झाले. पुण्यात त्याच वर्षी 22 जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. 9 मार्च 1898 ला मुंबईत रिपन रोडच्या बाजूला जुलाहा विणकरांच्या वस्तीत तपासणी पथक एका आजारी मुलीला न्यायला आले, आणि तिथून सुरू झालेली दंगल शहरभर पसरली. गोळीबार झाला, माणसे मेली.

या दंगलीकडे अडाणी लोकांचा विज्ञानाला विरोध म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. मला ते पटत नाही. उत्तरेतून पोटासाठी मुंबईला आलेले हे विणकर होते. त्यांच्या घरात सरकार याआधी कधी आले नव्हते. नळ घेऊन आले नाही, शाळा घेऊन आले नाही. पहिल्यांदा आले ते मुलीला उचलून न्यायला. अशा सरकारच्या हातातल्या सुईवर कुणी विश्वास का ठेवावा? दुसरीकडे याच साथीत स्वतःच्या पाठीवरून आजारी मुलाला वाहून आणणाऱ्या सावित्रीबाई फुले होत्या. 10 मार्च 1897 रोजी त्या प्लेगनेच गेल्या. लोकांचा राग उपचारावर असता तर तो त्यांच्यावरही निघाला असता. तसे झाले नाही. उपचार कोण आणतो आणि कसा आणतो, यावर सगळे ठरत होते.

नेमक्या या ठिकाणी आगाखान यांचे नाव येते. सुलतान मुहम्मद शाह, तिसरे आगाखान, त्या वेळी वीस वर्षांचेही नव्हते. शिया इस्माइली खोजा जमातीचे ते इमाम. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि ती बातमी शक्य तितकी दूर पोचेल अशी व्यवस्था केली. दुसरी, माझगावातला आपला एक मोठा बंगला, खुश्रू लॉज, हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी मोकळा करून दिला. ग्रँट कॉलेजच्या बोळातून प्रयोगशाळा या बंगल्यात आली आणि सुमारे दोन वर्षे तिथे राहिली. मोठ्या प्रमाणावर लस करायची तर बाटल्या, भट्ट्या, माणसे आणि मोकळी जागा लागते. हे सगळे एका खोलीत मावण्यासारखे नव्हतेच.

खोजा जमातीतल्या हजारो लोकांनी लस घेतली. त्यांच्यातले मृत्यू न टोचलेल्यांच्या मानाने फारच कमी राहिले. या जमातीच्या नोंदी हाफकिन यांना पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडल्या. बगदादी ज्यू ससून घराण्यातल्या फ्लोरा ससून यांनीही स्वतः लस घेऊन लोकांना धीर दिला. म्हणजे पाहा, ओडेसाचा एक निर्वासित ज्यू, अरपोऱ्याचा एक ख्रिस्ती डॉक्टर, एक तरुण मुस्लिम इमाम, एक ज्यू व्यापारी बाई आणि भायखळ्याचे बेनाव कैदी. मुंबईची प्लेगची लस एवढ्या सगळ्यांच्या हातांतून आली.

आगाखान यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, सरकारला या पद्धतीच्या यशाची खात्री पटली तेव्हा त्याने हे सगळे काम आपल्या ताब्यात घेतले. मला या वाक्याचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी खाजगी घर, मग यश, मग सरकारी तिजोरी. संशोधनात सर्वांत अवघड असतो तो मधला काळ. कल्पना आहे, पहिला पुरावा आहे, पण अजून कुणाची खात्री पटलेली नाही. त्या काळात पैसे देणारा माणूस धोका पत्करतो. सरकार सहसा तो पत्करत नाही. खुश्रू लॉज हा त्या मधल्या काळावरचा पूल होता.

10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले. गव्हर्नरांच्या नाचाच्या दालनात आता लसीच्या बाटल्या उभ्या राहिल्या. हाफकिन प्रमुख. राणीच्या हीरक महोत्सवी यादीत त्यांना सन्मान मिळालेला होता, ब्रिटिश नागरिकत्वही मिळाले. चाळिशीच्या आत यापेक्षा आणखी काय हवे?

पण एक गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी नव्हते. ही सेवा म्हणजे लष्करी दर्जाच्या डॉक्टरांची फळी. तिची परीक्षा लंडनमध्ये होई. कायद्याने ती हिंदी लोकांनाही खुली होती, पण लंडनला जाऊन शिकण्याइतका पैसा किती घरांत होता? इस्पितळे, वैद्यकीय कॉलेजे, तुरुंग, आणि पुढे प्रयोगशाळा यांतली वरची पदे याच सेवेतल्या लोकांना मिळत. हाफकिन तर वैद्यकाची पदवी नसलेले प्राणिशास्त्रज्ञ, त्यातून रशियन, त्यातून ज्यू. रशियाचा हेर असल्याची कुजबुजही त्यांच्याबद्दल चाले. काम चालू होते तोवर हे सगळे झाकलेले राहिले.

1902 मध्ये पंजाबात प्लेगने धुमाकूळ घातला. तिथल्या सरकारने लाखोंच्या संख्येने लस मागितली. मागणी पुरी करायची म्हणून हाफकिन यांनी पद्धतीत बदल केला. शेवटी घातले जाणारे कार्बोलिक आम्ल वगळले आणि उष्णतेवर भर दिला. पाश्चर संस्थेत अशी रीत आधीपासून वापरात होती. 30 ऑक्टोबर 1902 रोजी मुल्कोवाल या गावात 107 जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या 19 जणांना काही दिवसांनी धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. एकोणीसच्या एकोणीस जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती, तिचा क्रमांक 53-एन.

एकोणीस माणसे हा छोटा आकडा नाही. त्या घरांचे दुःख हाफकिन यांच्या नोकरीपेक्षा मोठे होते, हे आधी म्हटले पाहिजे. चौकशी व्हायलाच हवी होती. प्रश्न असा की बाटलीत जंतू कुठे शिरला, परळच्या प्रयोगशाळेत की मुल्कोवालच्या झाडाखाली? चौकशी आयोगाने बोट परळकडे दाखवले. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. 1904 मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले. परळची गादी विल्यम बॅनरमन यांच्याकडे आली. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी.

कागदपत्रांत मात्र दुसरी गोष्ट दडलेली होती. ती बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो आगीवर धरून निर्जंतुक करायला हवा होता. तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, आणि तेवढ्याने मरत नाहीत. शिवाय लस आधीच दूषित असती तर बाटली उघडताच तिला दुर्गंधी यायला हवी होती, तशी ती आल्याची नोंद नव्हती. लंडनच्या लिस्टर संस्थेचे मतही जागेवरच दूषण झाले असावे याच बाजूचे होते. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने लढले. स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी केलेला हा माणूस, त्यामुळे आतली रीत त्याला ठाऊक होती. जुलै 1907 मध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांच्यावरचा ठपका काढून टाकला.

पाच वर्षे गेली होती. हाफकिन परत आले, पण परळला त्यांना जागा नव्हती. कलकत्त्यात एक लहान प्रयोगशाळा मिळाली. तिथे लस बनवण्याची सोय नव्हती. नव्या लसींच्या कल्पना त्यांनी मांडल्या, माणसांवर चाचण्या घेऊ द्या म्हणून विनंत्या केल्या. परवानगी मिळाली नाही. 1914 मध्ये ते निवृत्त झाले, आणि 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात वारले. आपली सारी मिळकत त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवली. ज्याला पद मिळवण्यासाठी धर्म सोडायला सांगितले होते, त्याने आयुष्यभराची बचत त्या धर्माच्या विद्यार्थ्यांना दिली. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले 1925 मध्ये. नाव देणे सोपे असते. खुर्ची परत देणे अवघड असते.

या प्रकरणातून मला जे दिसते ते असे. पैसा आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आगाखान हाफकिन यांना घर देऊ शकले, खुर्ची टिकवून देणे त्यांच्या हातात नव्हते. चूक झाल्याचा संशय आला तेव्हा सेवेतल्या माणसामागे सेवा उभी राहते. बाहेरचा माणूस एकटा पडतो. रॉस यांनी आवाज उठवला नसता तर हाफकिन हे नाव आज आपल्याला एकोणीस मृत्यूंचा गुन्हेगार म्हणून माहीत असते.

इतिहास इथेच थांबत नाही. 1911 मध्ये सरकारने इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन केली. वैद्यकीय संशोधनासाठी ठरावीक निधी, त्यावर समिती, आणि अर्ज करणाऱ्याला अनुदान, ही पद्धत आपल्याकडे तिथून सुरू झाली. तिच्या नियामक मंडळाची पहिली सभा 15 नोव्हेंबर 1911 रोजी झाली, आणि ती झाली मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत. ज्या इमारतीतून हाफकिन यांना बाहेर पडावे लागले, तिथेच देशाच्या संशोधन निधीचा जन्म झाला. हीच संस्था 1949 मध्ये आयसीएमआर झाली. करोनाच्या काळात रोज ज्या नावाचे आकडे आपण ऐकत होतो, ती हीच.

निधी असला की काय होऊ शकते याचे सर्वांत सुंदर उदाहरण कलकत्त्याचे आहे. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी कॅम्पबेल इस्पितळातल्या एका लहान खोलीत काम करत. तिथे गॅस नव्हता, नळ नव्हता, वीज नव्हती. रात्री रॉकेलच्या कंदिलावर काम चाले. तेही इंडियन मेडिकल सर्व्हिसचे नव्हते. 1919 च्या अखेरीस त्यांना या असोसिएशनचे अनुदान मिळाले आणि 1920 मध्ये त्यांनी युरिया स्टिबामाइन तयार केले. काळाआजार हा तोवर जवळपास हमखास मृत्यूचा आजार होता. या औषधाने बंगाल-आसामातली असंख्य माणसे वाचली. अनुदान किती होते यापेक्षा ते वेळेवर आले याला महत्त्व आहे.

खुर्ची मिळायला मात्र आणखी वेळ लागला. परळच्या संस्थेला पहिला हिंदी संचालक मिळाला तो 1932 मध्ये, साहिबसिंग सोखी. म्हणजे उद्घाटनानंतर तेहतीस वर्षांनी. आणि तेही इंडियन मेडिकल सर्व्हिसमधूनच आले होते. हिंदी माणसालाही वर जायची शिडी तीच होती.

स्वातंत्र्यानंतरचे एक मराठी नाव सांगतो, कमल रणदिवे. पुण्यात जन्मलेल्या, पेशीशास्त्र शिकलेल्या. मुंबईला डॉ. वसंत खानोलकर यांच्यासारखा गुरू मिळाला. मग फेलोशिप मिळून त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. परत आल्यावर त्यांच्यासाठी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात जागा होती, आणि तिथे त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. गुरू, फेलोशिप आणि परतल्यावर नोकरी, या तीन गोष्टी जुळल्या की कारकीर्द उभी राहते. तिन्हींपैकी एक निखळली तर हुशार माणूस शिकवण्या घेत बसतो.

आता आपल्याकडे येऊ. दहावी-बारावीच्या मुलांशी बोलायला मला अधूनमधून बोलावतात. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, नीटला किती मार्क लागतील? डॉक्टर होणे म्हणजेच वैद्यकीय क्षेत्र, अशी आपली समजूत आहे. हाफकिन डॉक्टर नव्हते, रणदिवे डॉक्टर नव्हत्या, हे सांगितले की पालक माझ्याकडे संशयाने पाहतात. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, औषधनिर्माण, पशुवैद्यक यांतल्या कुठल्याही वाटेने या क्षेत्रात जाता येते. एमएस्सी करून सीएसआयआर-यूजीसीची नेट काढली, किंवा जैवतंत्रज्ञान विभागाची पाठ्यवृत्ती मिळवली, तर संशोधन करताना दरमहा पैसे मिळतात. 2023 पासून ज्युनिअर फेलोशिप महिना 37,000 रुपये आणि दोन वर्षांनंतरची सीनिअर 42,000 रुपये आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. 1952 मध्ये अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने ती सुरू झाली. मुंबई-पुण्यात अशा आणखी संस्था आहेत. मराठी मुलांना घरापासून फार लांब जावे लागत नाही.

पण फेलोशिप मिळणे आणि ती वेळेवर मिळणे यांत अंतर आहे. माझ्या ओळखीतली एक मुलगी जीवरसायनशास्त्रात पीएचडी करत होती. वडील रिक्षा चालवतात. मौलाना आझाद फेलोशिपवर तिचे चालले होते. सच्चर समितीच्या अहवालानंतर 2009 मध्ये सुरू झालेली ही योजना मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन, पारशी अशा सगळ्या अल्पसंख्य समाजांतल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी होती. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने संसदेत सांगितले की, इतर योजनांशी ती आच्छादते म्हणून 2022-23 पासून ती बंद केली आहे. आधीच्यांना मुदत संपेपर्यंत पैसे मिळतील असे ठरले. त्या मुलीला ते मिळाले, पण मधल्या एका टप्प्यात सात महिने काहीच आले नाही. सात महिने खोलीचे भाडे, खानावळ, घरून येणारा फोन. घरच्यांनी तोंडाने काही म्हटले नाही, फक्त एक स्थळ सुचवले. आपल्या घरांत अभ्यास थांबवण्याची हीच पद्धत आहे. तिच्या मामाने दागिना गहाण ठेवून तिला उभे ठेवले. आज ती पीएचडी झाली आहे.

सगळ्यांना असा मामा नसतो. योजना पुन्हा सुरू व्हावी, पैसे वेळेवर यावेत, ही मागणी नागरिक म्हणून आपण करत राहिले पाहिजे. तो आपला हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती यांनी संशोधक मुलामुलींना जो आधार दिला आहे, तो पाहिला की अशा आधाराने काय होते ते कळते. पण मागणी करता करता मधला काळ कोण सांभाळणार?

आपल्या समाजात पैसा नाही असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जमातखान्यांना नवी संगमरवरी फरशी बसते, लग्नांत मांडव दुप्पट होतात. वक्फ या शब्दाचा अर्थ आपण फक्त मशीद आणि कब्रस्तान एवढाच धरला आहे. कैरोला तेराव्या शतकात सुलतान कलावूनने बांधलेले इस्पितळ वक्फच्या उत्पन्नावर चाले. फुप्फुसांतून होणारे रक्ताभिसरण पहिल्यांदा मांडणाऱ्या इब्न अन-नफीस यांनी 1288 मध्ये मरताना आपले घर आणि सारी पुस्तके याच इस्पितळाला दिली. पुन्हा एकदा घर! आगाखान यांनीही सुमारे सहाशे वर्षांनी तेच दिले.

मोठ्या देणग्या सर्वांना जमणार नाहीत. पण पुण्यात, मुंबईत, संभाजीनगरात संशोधन करणाऱ्या मुलींसाठी चार खोल्यांची जागा भाड्याने घेऊन ठेवणे एखाद्या जमातीला जमू शकते. फेलोशिप रखडली तर बिनव्याजी महिन्याचे पैसे देणारा आणि ती आल्यावर परत घेणारा एक छोटा निधी जमू शकतो. परदेशातल्या मुलाखतीसाठी विमानाचे भाडे जमू शकते. आणि पैशाशिवायही एक गोष्ट करता येते. सव्वीस वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला, "अजून शिकतेच आहेस का?" असे विचारणे बंद करता येते.

प्लेगने पुढच्या वीस-बावीस वर्षांत या देशात एक कोटीहून जास्त माणसे नेली. लस होती, तरी ती सर्वांपर्यंत पोचली नाही. मुल्कोवालनंतर पंजाबातली मोठी मोहीम कोलमडली, लोकांचा विश्वास मोडला, आणि ज्याला लस सर्वांत चांगली कळत होती तो माणूस पाच वर्षे आपली निर्दोषता सिद्ध करत बसला. एका संशोधकाला एकटे पाडण्याची किंमत अशी मोजावी लागते, आणि ती संशोधकापेक्षा जास्त इतरांनाच मोजावी लागते.

माझगावात तो बंगला होता, त्या भागातून आजही हजारो मुले शाळेत जातात. त्यांतल्या एखाद्या मुलीला जंतूंचे वेड असेल. ती सूक्ष्मदर्शकापर्यंत स्वतःच्या बुद्धीने पोचेल. तिथे तिला पाच-सात वर्षे उभे राहता यावे, याची सोय मात्र तिला एकटीला करता येणार नाही. ती आपल्याला करायची आहे.